पंजा कुठं ठेवायचा, चप्पल कुठं

मधल्या सुट्टीत आमच्या कोल्हापुरातल्या शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला आणि शिपाईमामा सहावीच्या एका मुलाला बोलावून घेऊन आले. त्याच्या आईचा फोन होता. मी तिथंच मस्टरवर सही करत होते. मुलानं रिसीव्हर घेतला, भिंतीकडं तोंड केलं, तोंडावर तळहात धरला आणि हळू आवाजात, घाईघाईनं कन्नडमध्ये चार वाक्यं बोलून फोन ठेवला. मी सहज विचारलं, "घरात कानडी बोलता व्हय रे?" तो म्हणाला, "नाही मॅडम, आई बोलती. मी मराठीच."

त्याच आठवड्यात मला नागरिकशास्त्राचा दुसरा पाठ घ्यायचा होता, 'समाजातील विविधता'. अठरा वर्षं मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. या पाठाची उत्तरं तपासायला कधीच वेळ लागत नाही, कारण सगळ्यांची सारखीच असतात. आपल्या देशात विविध धर्मांचे आणि भाषांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात. पैकीच्या पैकी गुण. त्या मुलानंही हेच लिहिलं असतं आणि मी त्याला गुण दिले असते. घरी गेल्यावर मला ते फार लागलं.

उन्हाळ्यातल्या एका प्रशिक्षणात मी ऑगमेंटेड रिअॅलिटी पाहिली होती. फोनचा कॅमेरा समोरचं खरं दृश्य दाखवतो आणि त्यावर संगणकानं तयार केलेली वस्तू अशी बसवतो, की ती तिथंच ठेवली आहे असं वाटतं. फोन घेऊन तिच्याभोवती फिरलं की मागची बाजूही दिसते. व्हर्च्युअल रिअॅलिटीत डोळ्यांवर चष्मा चढवून आपण खोलीतून निघून जातो. इथं खोली तीच, बाक तेच, शेजारी बसलेली मैत्रीणही तीच, आणि मधे एक नवी वस्तू. वर्गासाठी मला हे जास्त बरं वाटलं.

पहिला प्रयत्न तयार ॲपवर केला. वेगवेगळ्या राज्यांच्या पोशाखातली माणसं त्यात होती. फोन बाकाकडं धरला की वीतभर उंचीची एक जोडी उभी राहून नाचायची. वर्गात चौवेचाळीस मुलं. "लई भारी!" म्हणून एकच गलका झाला, शेजारच्या वर्गाच्या बाई बघायला आल्या. तास संपताना मी विचारलं, काय समजलं? उत्तर आलं, "त्यांचे कपडे वेगळे असतात." दुसरं आलं, "ते नाचतात."

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. ती इथल्या जवळच्या गांधीनगरहून येते, घरी सिंधी बोलतात. तिनं विचारलं, "मॅडम, महाराष्ट्र दाबल्यावर नऊवारीतली बाई आली. माझी आजी पण महाराष्ट्रातच राहते. ती कुठलं बटण दाबल्यावर येणार?"

तिच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या ॲपमध्ये प्रत्येक राज्यात एकच तऱ्हेचं माणूस राहत होतं, आणि विविधता सुरू व्हायची ती राज्याची हद्द ओलांडल्यावर. आमच्या वर्गात मात्र ती एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाताना सुरू होत होती. मी ते ॲप काढून टाकलं. ठरवलं, की जे दाखवायचं ते याच वर्गातून आणि याच गावातून यायला हवं, आणि ते मुलांनीच करायला हवं.

आता थोडं तांत्रिक सांगते, कारण हे करू पाहणाऱ्या शिक्षकांचे तास इथंच वाया जातात.

आमच्याकडं फोन नऊ. माझा, संगणकाच्या सरांचा आणि पालकांनी विश्वासानं दिलेले सात. जमीन किंवा बाकाचा पृष्ठभाग आपोआप ओळखणारी ॲपं त्यातल्या चारच फोनवर चालली, कारण त्यासाठी लागणारी गूगलची एआरकोअर ही सेवा स्वस्तातल्या बऱ्याच फोनवर मिळत नाही. म्हणून सरांनी माइंडएआर हे मोफत आणि मुक्तस्रोत साधन शोधलं. ते साध्या ब्राउझरमध्ये चालतं, काही उतरवून घ्यावं लागत नाही. एखादं चित्र आधी ओळखीचं करून द्यायचं. कॅमेऱ्याला ते चित्र दिसलं की त्यावर वस्तू उभी राहते. पानाचा पत्ता मात्र सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसनं सुरू होणारा असावा लागतो, नाहीतर ब्राउझर कॅमेराच उघडत नाही. या एका गोष्टीत आमचे दोन दिवस गेले.

ओळखीचं चित्र कुठलं घ्यायचं, याचाही धडा मिळाला. मुलींनी हौसेनं ठिपक्यांची गोल रांगोळी काढून आणली होती. ती चारी बाजूंनी सारखी, त्यामुळं वरचं कुठलं, खालचं कुठलं हे फोनला कळेना आणि वस्तू गरगर फिरायला लागली. पेन्सिलची चित्रं फिकी पडली. शेवटी काळ्या शाईत, भरगच्च आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळी अशी चित्रं काढली, तेव्हा जमलं. कार्डं टिकावीत म्हणून मी ती लॅमिनेट करून आणली, तर खिडकीचा उजेड त्यावर चमकून चित्रच दिसेना. ती परत साध्या पुठ्ठ्यावर चिकटवली.

वस्तूंचं स्कॅनिंग हे मुलांचं सगळ्यात आवडतं काम. वस्तू व्हरांड्याच्या सावलीत स्टुलावर ठेवायची आणि तिच्याभोवती फिरत साठ-सत्तर फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला बराचसा भाग आला पाहिजे. मग संगणक त्यातून त्रिमितीय आकार जुळवतो. एकीनं हुपरीचे चांदीचे पैंजण आणले होते. चकाकणाऱ्या वस्तूवर दर फोटोत प्रकाश वेगळ्या जागी पडतो, त्यामुळं त्यांचा नुसता चुराडा झाला. कोल्हापुरी चप्पल मात्र अशी उतरली, की वेणीचा एकेक पदर मोजावा. पहिली फाइल चाळीस एमबीची होती आणि शाळेच्या इंटरनेटवर ती उघडेपर्यंत तास संपायचा. सरांनी ब्लेंडर या त्रिमितीय आकारांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती तीन एमबीपर्यंत उतरवली. आवाजाचंही एक ध्यानात ठेवावं लागलं. ब्राउझर आपणहून आवाज वाजवत नाही, पडद्यावर बोट टेकावं लागतं. हे मुलांना आधी सांगितलं नव्हतं, तर "मॅडम, माझी आजी बोलंना" अशा तक्रारी सुरू झाल्या.

आता खरं काम. प्रत्येकानं घरातली एक वस्तू निवडायची, आणि घरातल्या मोठ्या माणसानं आपल्या भाषेत तिच्याविषयी चाळीस सेकंद बोलायचं. वर्ग मराठी माध्यमाचा, तरी आठवड्याभरात आलेले आवाज ऐकून मी थक्क झाले. कोल्हापुरी मराठी होतीच. चंदगडकडची कोकणीकडं झुकणारी बोली होती, दख्खनी उर्दू होती. एका घरची गुजराती, एका घरची तेलुगू आणि बिहारहून आलेल्या एका मावशींची हिंदी. इतकी वर्षं हे आवाज माझ्या वर्गाच्या दाराबाहेर थांबत होते.

फोनवाला मुलगा चार दिवस काहीच आणत नव्हता. पाचव्या दिवशी त्यानं आज्जीचा आवाज आणला. जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी कशी थापायची ते ती सांगत होती, आणि मागं थापण्याचा थप थप आवाज येत होता. वर्गात लावल्यावर मागच्या बाकावरून दोघं-तिघं हसले. तो खाली बघायला लागला. मी त्यांना रागावले नाही. फळ्यावर चार शब्द लिहिले: तूप, अक्का, अण्णा, अडकित्ता. विचारलं, हे कुठले? "आपलेच की!" मग सांगितलं, की या शब्दांचं नातं कन्नडशी आहे. लगेच नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडायला लावलं आणि जिल्हा, तालुका, अर्ज, वकील या शब्दांवर बोट ठेवलं. हे अरबीतून फारसीच्या वाटेनं आलेले. मधल्या सुट्टीच्या डब्यातला बटाटा आणि पाव पोर्तुगिजांकडून आलेले. मुलांनी उरलेला तास दप्तरातले आणि डब्यातले शब्द शोधण्यात घालवला. त्या तासाला फोनची गरजच पडली नाही.

एक तांत्रिक अडचण मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती विषयाच्या गाभ्याशी भिडली. वस्तूशेजारी तिचं नाव लिहायचं ठरवलं, तर ए-फ्रेम या साधनाच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच दिसेनात. फॉन्ट बदलला तर 'विविधता'मधली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन पडली. गांधीनगरच्या मुलीच्या आजीचं हस्ताक्षर अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. ती लिपी उजवीकडून डावीकडं जाते आणि अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. साधनानं ती सगळी सुटी केली. इंग्रजी तेवढी पहिल्या फटक्यात नीट आली. एका मुलानं विचारलं, "म्हणजे हे ज्यांनी बनवलं त्यांना आपली अक्षरं माहीतच नाहीत काय?" मग मुलांनी सगळी नावं कागदावर हातानं लिहिली, त्यांचे फोटो काढले आणि तेच चिकटवले.

सिंधी आजीची कार्डं त्यामुळं वर्गात सर्वात देखणी झाली. नातीला ती लिपी वाचता येत नाही. आजीनं रेकॉर्डिंगमध्ये अक्षर अन् अक्षर उच्चारून दाखवलं होतं, आणि वर्गाबरोबर नातही ते पहिल्यांदाच ऐकत होती. मी मुलांना सांगितलं, की संविधानाच्या आठव्या अनुसूचीत सुरुवातीला चौदाच भाषा होत्या, सिंधी १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीनं आली, आणि आज तिथं बावीस भाषा आहेत. कुठलंही राज्य स्वतःचं नसलेल्या भाषेला तिथं जागा मिळते, हे त्या मुलीनं दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

तिच्या घरामुळंच कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाचा विषय निघाला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियानं सैबेरियाकडं नेलेली पोलिश कुटुंबं सुटल्यावर इराणमार्गे भारतात आली आणि त्यांच्यासाठी १९४३ मध्ये वळिवडेला छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं, १९४८ पर्यंत तिथं राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ती गेली आणि त्याच छावणीत फाळणीनं उठलेली सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर. कापड घ्यायला आम्ही सगळेच तिथं जातो. महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे आणि तिकडं वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. मुलांनी वळिवडेच्या एकाच कार्डावर दोन थर केले. एकदा बोट टेकलं की पोलंडहून कोल्हापूरपर्यंतची वाट, पुन्हा टेकलं की सिंधहून आलेली. दोन्ही रेषा एकाच ठिपक्यावर येऊन थांबतात.

आता त्या दोन तासांविषयी सांगते, ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले.

मोहरम नुकताच झाला होता. कोल्हापुरात पीरपंजे, म्हणजे हाताच्या पंजाच्या आकाराची मोहरमची पवित्र चिन्हं, तालमी-तालमींत बसतात आणि त्यांची सेवा करणाऱ्यांत हिंदू घरंही पुष्कळ असतात. बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणपती कोरलेला आहे. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं गणेशोत्सव आणि मोहरम बरोबर आले, तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी बसलेले आमच्या मुलांच्या घरच्यांनी पाहिले आहेत. एका गटानं पुठ्ठ्याचा पंजा करून स्कॅन केला. सोनेरी कागद चमकून बिघडवत होता म्हणून बिनचकाकीचा पिवळा कागद लावला. काम सुरेख झालं. गटातल्या एकानं कार्ड फरशीवर ठेवून त्यावर फोन धरला आणि पंजा फरशीवर उभा राहिला, बाकाच्या पायाशी, चपलांच्या शेजारी.

"मॅडम, तिथं नको." आवाज खिडकीकडून आला. "पंजा असा खाली ठेवत नाहीत."

तो मुलगा मराठा घरातला. त्याचे आजोबा तालमीचा पंजा धरतात. वर्गाला वाटलं होतं, कुणी बोलेल तर मुस्लिम मुलांपैकी बोलेल. वर्गातल्या तिघी मुस्लिम मुली गप्प होत्या. मी विचारल्यावर त्यातली एक म्हणाली, "मला पण तसंच वाटलं, पण सगळे हसतील म्हणून बोलले नाही." गटातला मुलगा गोंधळला. "पण मॅडम, हा खरा कुठंय? फोनमध्येच आहे."

मी खडू खाली ठेवला आणि वर्गालाच विचारलं, फोनमधला पंजा फरशीवर ठेवला तर काय बिघडतं? वीस-पंचवीस मिनिटं मुलं बोलत राहिली. कुणी म्हणालं, आजोबांचा फोटो पण कागदच असतो, तो आपण पायाशी टाकतो काय? कुणी म्हणालं, ज्याला वाईट वाटतं त्याला विचारून ठेवावं. खिडकीजवळच्या मुलानं आजोबांना विचारायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी तो निरोप घेऊन आला. आजोबा म्हणाले होते, दाखवा की, पण उंच दाखवा, आणि पायातलं काढून बघा.

सरांनी पंजाचं कार्ड भिंतीवर, मुलांच्या डोक्याच्या वर लावलं. मुलांनी ते चपला काढून बघितलं. मी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी, पुढच्या तासाला, चपलेची पाळी. ज्या मुलीच्या घरून चप्पल आली होती तिनं कार्ड बाकावर ठेवलं, पुस्तकांच्या शेजारी. पडद्यावर चप्पल बाकाच्या मधोमध उभी राहिली. लगेच एकजण ओरडला, "ए, चप्पल बाकावर कशाला? खाली ठेव!" आणि दोघांनी पुस्तकं बाजूला ओढली. आदल्या दिवशीच्या चर्चेवरून त्यांना ते बरोबरच वाटत होतं. कुठली वस्तू वर, कुठली खाली, हे शिकलो की आम्ही!

ती मुलगी म्हणाली, "माझे आजोबा दिवसभर मांडीवर घेऊन बसतात. मग ती बाकावर का नको?"

वर्ग एकदम शांत झाला. तिच्या आजोबांचा आवाज लावायचा राहिलाच होता. तो लावला. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कसं पकवतात, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं कसं शिवतात, वेणी घरातल्या बायका कशी विणतात, आणि कापशी, पुकरी, बक्कलनाळी अशी चपलांच्या प्रकारांची नावं. शेवटी म्हातारबाबा म्हणाले होते, नवी चप्पल कुणाच्या पायात गेलेली नसते, ती नुसती आमच्या हातातली असते.

मग मी संविधानाचं सतरावं कलम सांगितलं. ते सहावीच्या पाठात नाही, पण त्या क्षणी ते सांगितलं नसतं तर माझ्या विषयाला अर्थ उरला नसता. अस्पृश्यता नष्ट केली आहे, तिचं कुठल्याही रूपात पालन करायला मनाई आहे. एखादी वस्तू खाली ठेव असं आपण म्हणतो, तेव्हा ती करणाऱ्या माणसाला तर आपण खाली ठेवत नाही ना? पंजा वर ठेवा असं ज्यांचा तो आहे ते सांगत होते. चप्पल खाली ठेव असं मात्र ज्यांची ती नव्हती ते सांगत होते. हा फरक मी फळ्यावर लिहिला नाही. एका मुलानंच तो बोलून दाखवला, त्याच्या शब्दांत: "मॅडम, ज्याचं हाय त्यानं सांगायचं."

चप्पल बाकावर राहिली. फोनवाला कानडी मुलगा तेव्हा पहिल्यांदा आपणहून उठला. त्याचं मूळ गाव अथणीकडचं. "आमच्या तिकडं पण अशीच करतात." कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. चार महाराष्ट्रातले, आणि चार कर्नाटकातले, त्यात अथणी जिथं आहे तो बेळगाव जिल्हाही. नाव कोल्हापूरचं, हात दोन्हीकडचे. मुलीनं त्याला विचारलं, वेणीला कानडीत काय म्हणतात? तो म्हणाला, आज्जीला विचारून सांगतो.

त्या दिवसापासून प्रत्येक कार्डाच्या मागं एक ओळ सक्तीची झाली: 'कुणाला विचारून ठेवलं?' उत्तर नसेल तर कार्ड भिंतीवर लागत नाही. देवाची मूर्ती आणि प्रार्थना कुणीही स्कॅन करायची नाही, हेही मुलांनीच ठरवलं. याच काळात एक पालक शाळेत आले होते. दुसऱ्यांच्या धर्माचं आमच्या फोनवर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना भिंतीजवळ नेलं आणि त्यांच्याच मुलीच्या कार्डाची मागची बाजू दाखवली. तिथं त्यांच्या आईचं नाव होतं. त्यांनी चार-पाच आवाज ऐकले आणि फोन परत नेला नाही. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

शेवटचा टप्पा दसरा चौक. तिथं फोन न्यायचे नाहीत असं मी आधीच ठरवलं होतं. रहदारी आहे, आणि पडद्यात बघत चालणारं मूल मला रस्त्यावर नको होतं. आम्ही सकाळी चालत गेलो, शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती उभे राहिलो, आजूबाजूच्या बोर्डिंगांच्या, म्हणजे त्यांच्या काळात झालेल्या विद्यार्थी वसतिगृहांच्या पाट्या वाचल्या. १९०१ मध्ये मराठा आणि जैन वसतिगृहं, १९०६ मध्ये मुस्लिम, मग लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, पुढं दैवज्ञ, शिंपी, ख्रिस्ती. वीसच्या वर वसतिगृहं या एका शहरात झाली. परत येऊन हॉलच्या फरशीवर खडूनं चौकाचा नकाशा काढला आणि प्रत्येक जागी कार्ड ठेवलं. कार्डावर फोन धरला की साल, आणि तिथं कोण राहायचं ते मुलांच्या आवाजात.

नकाशावर फिरता फिरता एका मुलीनं विचारलं, "महाराजांनी सगळ्यांना वेगवेगळं का ठेवलं? ही तर वाटणीच झाली." मला हा प्रश्न मनापासून आवडला. एकत्र राहण्याचा प्रयत्न आधी झाला होता, पण तिथं बहुजन मुलांना जागाच उरेना, हे सांगितलं. मुलांनी मग स्वतःच जोडून घेतलं. त्या काळी कोण कुणाच्या पंक्तीला बसत होतं? खेड्यातून आलेलं पोर रात्री कुठं झोपणार, कुणाच्या चुलीवर जेवणार? आधी प्रत्येकाला छप्पर, मग शाळा. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम. राहायला वेगळं आणि शिकायला एकत्र. हे बरोबर होतं की नाही यावर वर्गाचं एकमत झालं नाही. मी ते होऊही दिलं नाही. एका गटानं कार्डावर 'गरज होती' असा आवाज ठेवला, दुसऱ्यानं 'आता एकत्र हवं' असा. दोन्ही तिथंच आहेत.

या सगळ्याला पाच आठवडे लागले. चाचणीचा अभ्यासक्रम मागं पडला आणि तो भरून काढायला मी शनिवारी जादा तास घेतले. प्रत्येक पाठाला असं करता येणार नाही आणि करूही नये. काही मुलांना शेवटपर्यंत फोन हातात मिळण्याचाच आनंद होता. घटक चाचणीत निम्म्याहून जास्त मुलांनी तेच गुण्यागोविंदाचं उत्तर लिहिलं, आणि मी पुन्हा पैकीच्या पैकी गुण दिले, कारण पुस्तकाप्रमाणं ते बरोबर आहे. पण तयार नाचऱ्या जोड्यांनी जे झालं नव्हतं ते इथं झालं. आवाज ऐकायला मुलांना उठून एकमेकांच्या कार्डापाशी जावं लागत होतं. ज्या बाकावर ती वर्षभर गेली नव्हती तिथं जाऊन, वाकून, थांबून ऐकत होती. तंत्रज्ञानाचा मला दिसलेला खरा उपयोग एवढाच, आणि माझ्या दृष्टीनं तो पुष्कळ आहे.

दिवाळीनंतर वर्गात एक नवीन मुलगा आला. वडील इचलकरंजीच्या यंत्रमागावर होते, आता इकडं कामाला आलेत. मूळ गाव उत्तर प्रदेशातलं. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत तो एकटाच भिंतीवरची कार्डं बघत उभा होता. मी दारात होते, आत गेले नाही. चपलेवाली मुलगी आणि कानडी मुलगा त्याच्याजवळ गेले. मुलानं त्याला फोनवर आपल्या आज्जीची भाकरी ऐकवली, अर्थ सांगितला. मग विचारलं, "तुझं काय ठेवायचं?"

तो थोडा वेळ भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिला.

"अम्मी से पूछ के बताता हूँ," तो म्हणाला.